रोकडे बाईंची जागा

शाळेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका निघाली, तिच्यात आजवरच्या सगळ्या शिक्षकांची यादी छापली होती. यादी मीच करून दिली होती. मी त्या शाळेचा लेखनिक, सगळ्यांची सेवापुस्तकं माझ्याच कपाटात. स्मरणिका वाटून झाली त्याच आठवड्यात मंचरच्या बाजारात एका बाईनं मला अडवलं. कडेवर पोर, हातात कोथिंबिरीची जुडी. आमच्याच शाळेची जुनी विद्यार्थिनी.

"भाऊसाहेब, यादीत रोकडे बाई कशा न्हाईत?"

"ज्यांचं सेवापुस्तक होतं त्यांचीच नावं घेतलीत," मी म्हणालो.

"मग ज्यांनी शिकवलं त्यांची यादी कुणाकडं असती?" एवढं विचारून ती भाजीवाल्याकडं वळली. माझ्या उत्तरासाठी ती थांबलीसुद्धा नाही.

रोकडे बाईंना सेवापुस्तक नव्हतं, कारण त्या कधी कायम झाल्या नाहीत. आमच्या शाळेत त्यांनी आठ वर्षं गणित शिकवलं आणि त्या आठ वर्षांत त्यांची आठ वेळा नेमणूक झाली. जूनमध्ये नेमणुकीचं पत्र, एप्रिलअखेर कार्यमुक्तीचं पत्र. मधे मे महिन्याची फट ठेवायची, म्हणजे सलग नोकरी दिसत नाही आणि उद्या कुणी हक्क सांगत नाही. दोन्ही पत्रं मी टाइप करायचो. मजकूर इतका पाठ झाला होता की मी नुसतं वर्ष बदलायचो.

पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. आमची शाळा पारगावच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यात. फाट्यावर एसटी सोडायची आणि तिथून दोन किलोमीटर पायी. बाई वारूळवाडीच्या. रोज सकाळी घरापासून नारायणगावच्या स्टँडपर्यंत चालत, मग एसटी, मग पुन्हा चाल. वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते, आई आजारी असायची, लग्न केलेलं नव्हतं. यापेक्षा जास्त त्यांच्या घराबद्दल मला माहीत नाही आणि कधी विचारलंही नाही. साडीवर त्या कॅनव्हासचे बूट घालायच्या. पहिल्या दिवशी दहावीच्या मुली हसल्या. बाईंनी पाय पुढं करून बूट दाखवले आणि म्हणाल्या, "हसून झालं? आता सांगा, फाट्यापासून इथवर माझी किती पावलं होत असतील?" तास तिथूनच सुरू झाला.

आमचं ऑफिस आणि आठवीचा वर्ग यांच्यामधे नुसता प्लायवूडचा पडदा होता. त्यामुळं आठ वर्षं मी त्यांचे तास ऐकले. वर्गातली शिक्षकाची खुर्ची त्यांनी उचलून शेवटच्या बाकामागं नेऊन ठेवली होती. फळ्यापाशी कुणीतरी विद्यार्थी, आणि बाई मागं. "समजलं का?" हे शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकले नाहीत. मी एकदा त्याबद्दल बोललो, तर म्हणाल्या, "समजलं का विचारलं की हो म्हणायचं असतं, एवढं त्यांना पहिलीपासून समजलेलं असतं भाऊसाहेब."

एक तास अजून कानात आहे. एका पोरानं फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच असं लिहिलं. वर्ग हसला. दुसऱ्या कुणी ते पुसून टाकलं असतं आणि कानही धरला असता. बाई मागून म्हणाल्या, "पुसायचं नाही. यानं हे उत्तर आणलं कुठून, ते मला कोण सांगतंय?"

तो पोरगाच म्हणाला, "वरची वर मिळवली, खालची खाली."

"बरं. आता तुझ्या ताटात अर्धी भाकरी आहे. आईनं आणखी एक तिसरा हिस्सा वाढला. तुझ्या हिशेबानं झाले दोन पंचमांश. अर्ध्यापेक्षा जास्त का कमी?"

त्यानं फळ्यावर दोन भाकऱ्या काढून बघितल्या. मग पोरगा स्वतःच ओरडला, "आयला, कमी झाली की वं बाई! वाढूनबी कमी झाली!"

वर्ग पुन्हा हसला, पण आता तोही हसत होता. "आता तूच शोध भाकरी कुठं गेली ते," बाई म्हणाल्या. उरलेला तास तो पोरगा फळ्यापाशी होता. बाई जागच्या हलल्या नाहीत.

त्यांच्याकडं एक लांबट वही होती. तिच्यात त्या पोरांची चुकलेली उत्तरं उतरवून ठेवायच्या. बरोबर उत्तरं नाहीत, फक्त चुकलेली, आणि प्रत्येकापुढं ते का चुकलं असेल याचा अंदाज. "बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. चूक ज्याची त्याची असते," असं म्हणायच्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तासभर थांबून त्या वहीवर काम करायच्या. ते काम कुणी सांगितलेलं नव्हतं आणि ते कुठल्या कागदावर आलंही नाही.

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या शिवारात तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या पडायच्या. बीडकडची, नगरकडची माणसं, आणि त्यांची पोरं दिवसभर फडाच्या कडेला. तिसऱ्या वर्षी बाईंनी त्यातल्या तीन मुली आणून पाचवीच्या वर्गात बसवल्या. दाखला नाही, नोंद नाही. मी बाईंना म्हणालो, "बाई, ह्या पटावर नाहीत."

"बाकावर आहेत ना?" त्या म्हणाल्या.

"उद्या तपासणी आली तर?"

"तर मुली मोजायला येईल की."

तपासणी आलीच. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी पाचवीचा पट बघितला आणि डोकी मोजली. दुसरीकडं त्यांना नेहमी डोकी कमी सापडायची, इथं तीन जास्त निघाली. ते बुचकळ्यात पडले. पुन्हा मोजली. मग ऑफिसात येऊन शेरा लिहिला, विनानोंद विद्यार्थी बसविणे नियमबाह्य. संस्थेनं बाईंकडं खुलासा मागितला. पत्र अर्थात मीच टाइप केलं. खुलाशात बाईंनी एक ओळ लिहिली: "मुली वर्गात शिकत होत्या, हे खरे आहे." खाली सही.

मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, त्यांना बोलावून घेतलं. "बाई, निदान चूक झाली असं तरी लिहा. तुमचं काय जातंय?"

"चूक झाली असती तर लिहिलं असतं सर. वहीत रोज लिहिते."

त्या मुली एप्रिलपर्यंत येत राहिल्या, पण वर्गात नाही, मधल्या सुट्टीत वऱ्हांड्यात. हे बाईंनी मान्य केलं, आणि मला त्याचा राग आला होता हे कबूल करतो. त्यांनी भांडावं असं मला वाटायचं. त्या भांडायच्या नाहीत. जेवढी जागा मिळेल तेवढ्यात शिकवत राहायच्या.

एकदा मात्र त्या अडून बसल्या. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागायचा. तो कसा लागायचा ते सांगतो. नववीत जी पोरं कच्ची, त्यांना नववीतच नापास करायचं, नाहीतर घरच्यांना बोलावून सांगायचं की बाहेरून फॉर्म भरा. दहावीच्या वर्गात निवडून टिपून पोरं जायची, आणि जूनमध्ये फाट्यावर फलक लागायचा. त्या वर्षी मोठ्या सरांनी नववीच्या पाच पोरांची नावं बाईंना दिली. गणितात ती काठावर पास होती. दोन-तीन गुण कमी केले की काम झालं.

बाई ऑफिसात आल्या तेव्हा मी तिथंच होतो.

"सर, यांना पास होण्यापुरतं येतं."

"यंदा येतंय. बोर्डात नाही यायचं."

"त्याला एक वर्ष आहे. ते वर्ष मला द्या."

"आणि निकाल खाली आला तर अण्णांना काय सांगू?"

अण्णा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. ऊसबागायतदार, बोलायला गोड, शाळेला जमीन त्यांच्याच वडिलांनी दिलेली. बाईंनी गुण बदलले नाहीत. निकालपत्रक तसंच माझ्या टेबलावर ठेवलं. संध्याकाळी मोठे सर माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, बेरजेत काही चूकबिक सापडते का बघा." मला कळलं ते काय म्हणतायत. मी पत्रक दोनदा तपासलं आणि म्हणालो, बेरीज बरोबर आहे. आयुष्यात मी बाईंसाठी केलेलं एवढंच. तेही काही केलं नाही म्हणून झालं.

पाचही पोरं दहावीला गेली. वर्षभर बाई पहाटेची एसटी पकडून शाळा भरायच्या आधी तासभर येत होत्या. निकाल लागला. पाचातली तीन पास झाली, दोन गणितात राहिली. ती दोघंही ऑक्टोबरला निघाली, पण तोवर ते कोण बघणार? शंभर टक्के मोडले होते. त्या जूनमध्ये फाट्यावर फलक लागला नाही. अण्णा ऑफिसात बसून सगळ्यांच्या देखत म्हणाले, "दोन पोरांपायी शाळेचं नाव घालवलं, राव. बाई शिकवत्यात चांगलं, पण शाळेचा विचार नाय त्यांना."

जी तीन पास झाली त्यांची नावं त्यांनी विचारली नाहीत.

पुढं गणिताचे जुने सर निवृत्त झाले आणि एक कायम जागा मोकळी झाली. गावात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की जागा बाईंची. मीही धरून चाललो होतो. प्रस्ताव तयार करायला घेतला तेव्हा मी नाव लिहायची जागा कोरी ठेवली नव्हती, पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं.

अण्णांनी नाव पाठवलं ते त्यांच्या जावयाच्या भावाचं. शिंदे नावाचा तरुण. बी.एड. झालेला, पण पदवी भूगोलाची. कागद कसेतरी जुळवून घेतले गेले. बाईंचं काय, असं मोठ्या सरांनी भीतभीत विचारलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "त्यांना काय, सर. त्यांचे लोक सवलतीत कुठंबी लागत्यात. आमच्या पोरांनी कुठं जायचं?"

पडद्यापलीकडं आठवीचा वर्ग चालू होता. जसं पलीकडचं अलीकडं ऐकू यायचं तसं अलीकडचंही पलीकडं जात असणारच. बाईंचा आवाज क्षणभर थांबला. मग, "हं, पुढं," असं म्हणून त्यांनी कुणालातरी उदाहरण पुढं सोडवायला सांगितलं. सरकारी नोकरीची त्यांची वयोमर्यादा त्याच वर्षी उलटली होती. आठ वर्षं आमच्याकडं जून-एप्रिल करण्यात ती गेली, हे अण्णांना माहीत नव्हतं. मला होतं.

गावानं काहीच केलं नाही असं नाही. एका सोमवारी पंधरा-वीस आया शाळेत आल्या. डोक्यावरचे पदर सावरत मोठ्या सरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीनं सरळ विचारलं, "आमच्या पोरींला गणिताचं भ्या वाटत व्हतं, ते ह्या बाईनं घालिवलं. तिला काढून तुमी कुणाला आणताय?"

मोठे सर म्हणाले, हा संस्थेचा विषय आहे. संस्थेकडं गेल्या तर अण्णांनी सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "बाईंचा मोठा सत्कार करू. गावाच्या वतीनं." आया परत आल्या. ज्यांच्या घरचा ऊस अण्णांच्या ओळखीनं वेळेत तुटायचा, त्या दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. माझीही नोकरी अण्णांच्याच सहीची होती.

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. सहा जण बोलले आणि सहाही जण म्हणाले की अशा शिक्षिका पुन्हा होणे नाही. ऐकताना माझं डोकं तडकत होतं. पुन्हा होण्याची गरज नव्हती, होत्या त्या समोर बसल्या होत्या. त्यांना नुसतं राहू द्यायचं होतं. अण्णांनी त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा बाई उठल्या आणि म्हणाल्या, "आठवी ब चं वर्गमूळ अजून कच्चं आहे. नवीन सरांनी तिथून धरावं." आणि बसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं विनोद केला.

त्यानंतर जे झालं ते मला आजही पचत नाही. शिंदे सर वर्षाच्या मधेच रुजू झाले, आणि बाईंचं कार्यमुक्तीचं पत्र या वेळी एप्रिलची वाट न बघता निघालेलं असूनही दुसऱ्या दिवशी बाई त्याच एसटीनं, तेच बूट घालून आल्या. शिंदे मुलगा वाईट नव्हता. पहिल्याच तासाला घामाघूम होऊन ऑफिसात आला होता आणि मला म्हणाला होता, "भाऊसाहेब, मला ह्यातलं दहावीचं येत नाही हो. घरच्यांनी सांगितलं, सही केली." बाईंनी त्याला मधल्या सुट्टीत वऱ्हांड्यात बसवलं. मधे ती लांबट वही. दोन आठवडे रोज त्या त्याला शिकवत होत्या. कुठला मुलगा ऋण संख्येला घाबरतो, कोणती मुलगी तोंडी बरोबर सांगते पण लिहिताना गडबडते, कुणाला आधी कागदावर चित्र काढून द्यावं लागतं. तो मान खाली घालून टिपून घ्यायचा.

मी न राहवून एका दुपारी बोललो. "बाई, ज्यानं तुमची जागा घेतली त्यालाच तुम्ही तयार करताय? दोन महिने पडू द्या की त्याला तोंडघशी. मग येतील तुमच्याकडं."

बाई चिडल्या. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं. "तो तोंडघशी पडेल म्हणजे कोण पडेल भाऊसाहेब? त्याला पगार चालूच राहील. आठवी ब पडेल."

"मग तुमचं काय?"

"माझं तुम्ही टाइप केलंय की," त्या म्हणाल्या.

त्या वाक्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांनी ते मला बोचावं म्हणून म्हटलं नव्हतं, नुसतं खरं होतं म्हणून म्हटलं. शेवटच्या दिवशी त्यांनी वही शिंदे सरांच्या हातात दिली आणि फाट्याकडं चालू लागल्या. शाळा चालू होती. निरोपाला कुणी बाहेर आलं नाही, कारण सत्कार आधीच झाला होता.

शिंदे सरांनी दोन वर्षं खरंच मेहनत घेतली. मग त्यांची जिल्ह्याच्या ठिकाणी सोय लागली आणि ते गेले. नंतर आलेल्या सरांनी गणित विषय फक्त वेळापत्रकात ठेवला. निकाल घसरत गेला. ज्यांना झेपत होतं त्यांनी पोरं नारायणगावला, मंचरला घातली. अवसरीला इंजिनिअरिंग कॉलेज होणार म्हणून सगळीकडं चर्चा होती आणि आमच्या शाळेतून तिथं जाण्यासारखं पोर निघेना. तेव्हा अण्णांना बाई आठवल्या. मोठे सर मला म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचं ऐकतील. जाऊन या."

बाई कुठं असतात ते शोधायला वेळ लागला नाही. नारायणगावच्या बाजूला एका खासगी डेअरीच्या शीतकरण केंद्रात दूध तपासायचं काम करत होत्या. मी सकाळीच गेलो. शेडमध्ये स्टीलच्या किटल्या आणि कॅनचा खडखडाट, ओल्या फरशीवर रबरी चपलांचे आवाज, आणि रांग. टेबलापाशी पांढरा कोट घातलेल्या बाई. केस कानाजवळ पांढरे झालेले. दुधाचा नमुना घ्यायच्या, यंत्रात धरायच्या, आकडा बघून चिठ्ठीवर लिहायच्या. हाताला जराही उसंत नव्हती.

मला बघून हसल्या. "भाऊसाहेब! इकडं कुठं?"

मी आडवळण न घेता सांगितलं. शाळेनं बोलावलंय. गणिताला कुणी नाही. अण्णांनी स्वतः निरोप दिलाय. मी बोलत असताना त्यांनी तीन नमुने तपासले.

"जागा कायम आहे?"

मी खिशातल्या पत्राला हात लावला. ते मीच टाइप केलं होतं. "सध्या तासिकेवर," मी म्हणालो. "एप्रिलपर्यंत. पुढं बघू म्हणालेत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखाद्या पोरानं सलग नवव्या वेळेला तीच चूक केली तर त्या जशा बघतील तसं.

"इथं मला कायम करून तीन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मे महिन्यातपण गायी दूध देतात."

"पण शिकवणं? संध्याकाळी एखादा क्लास तरी घेता का?"

"नाही." त्या चटकन म्हणाल्या. मग पुढची चिठ्ठी लिहीत, "लोक येतात विचारायला. मी नाही म्हणते. सुरू केलं तर मला थांबता येत नाही, आणि थांबवणारे दुसरेच असतात. नको."

मी पत्र बाहेर काढलं नाही. काहीतरी बोलायला हवं होतं. चुकलं आमचं, एवढं तरी. ते ओठांपर्यंत आलं तेवढ्यात मागून एक म्हातारा म्हणाला, "पावणं, जरा सरका की बाजूला. दूध नासंल माझं."

बाईंनी त्याची किटली पुढं ओढून घेतली. "हो भाऊसाहेब, थोडं बाजूला व्हा," त्या म्हणाल्या, "मागं रांग आहे." मी बाजूला झालो. त्यांनी झाकण काढलं, मापटं दुधात बुडवलं आणि आकडा बघायला मान खाली घातली.